‘५ नंबरची लाइन ५ किलोपर्यंतचा मासा झेलते’, हे खरं का?

फ्लाय फिशिंगची लाइन घेताना हा सल्ला हमखास मिळतो. इतर गळांच्या दोरीवर ताणशक्ती छापलेली असते, म्हणून तसं वाटणं साहजिक आहे. पण इथला नंबर लाइनच्या वजनाचा.

फ्लाय, म्हणजे गळाला पिसं-दोरा बांधून केलेला नकली किडा, जवळपास बिनवजनी असते. ती लांब जाते ती लाइनच्या वजनामुळे. म्हणून लाइनच्या पुढच्या ३० फुटांचं (९.१४ मीटर) वजन धरून नंबर ठरतो: ५ म्हणजे १४० ग्रेन, साधारण ९.१ ग्रॅम, ६ म्हणजे १०.४, ८ म्हणजे १३.६.

घरी तपासता येतं. कोरडी लाइन घ्या, टोकाचा सरळ बारीक तुकडा सोडून ९.१४ मीटर मोजा, वेटोळं सोनाराच्या काट्यावर ठेवा. स्वयंपाकघरातला काटा चालणार नाही, ५ आणि ६ मधला फरक जेमतेम सव्वा ग्रॅमचा. उरलेली लाइन काट्याच्याच उंचीवर टेकवा. लोंबली तर आकडा चुकतो. लाइन अर्ध्या-एक नंबराने जड भरली तर दचकू नका, हल्ली बऱ्याच मुद्दाम तशाच बनवतात.

मग तुटतं काय? टिपेट, म्हणजे फ्लायला बांधलेला शेवटचा बारीक धागा. ५एक्स या जाडीचा टिपेट ०.१५ मिलिमीटरचा, सुमारे २ किलोला तुटणारा. बऱ्याच लाइनींचा गाभा ९ किलोच्या पुढे टिकतो. मोठ्या माशासाठी आधी टिपेट बदला. लाइनचा नंबर रॉडवर लिहिलेल्या नंबराशी जुळवा: ५ च्या रॉडवर ८ ची लाइन चढवली तर रॉड नको तितका वाकतो आणि फेक कोसळते.