खोलीत कोणीतरी राहतं

टेबलाच्या कडेवरून एकदा बोट फिरवून पाहा. ती कितीही धारदार दिसली, तरी मिलिमीटरभर का होईना, गोल असतेच. त्या गोलाईवर खिडकीतला उजेड पडतो आणि एक बारीक पांढरी रेघ चमकते. संगणकावर नुसता ठोकळा काढून त्याला टेबल म्हटलं, तर ही रेघ गायब होते. तिथे दोन सपाट पृष्ठभाग गणितातल्या रेषेवर मिळतात आणि त्या रेषेला जाडीच नसते, मग उजेड पडणार कुठे? म्हणून त्रिमितीय मॉडेल करणारी मंडळी कडांना ‘बेव्हल’ देतात, म्हणजे त्यांची धार मोडतात. पाहणाऱ्याला ही रेघ दिसल्याचं जाणवतही नाही. ती नसली, की मात्र टेबल पुठ्ठ्याचं वाटू लागतं.

दुसरी गोष्ट उजेडाची. घरातला दिवसाचा बराचसा उजेड उसना असतो. ऊन जमिनीवर पडतं, तिथून उडून छताला लागतं, छतावरून भिंतींवर येतं आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येक वस्तूचा रंग थोडाथोडा सोबत घेतं. लाल गालिच्याजवळची पांढरी भिंत खालच्या बाजूला गुलाबी दिसते ती यामुळेच. १९८४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी उष्णतेच्या प्रारणाचं गणित उजेडाला लावलं आणि पृष्ठभागांमधली ही देवाणघेवाण संगणकावर मोजून दाखवली. दोनच वर्षांनी जेम्स काजिया यांनी या सगळ्या उड्या एकाच समीकरणात बसवल्या. आजची रेंडर करणारी, म्हणजे मॉडेलवरून चित्र तयार करणारी, सॉफ्टवेअर त्याच समीकरणाचं उत्तर लाखो किरण सोडून अंदाजाने काढतात. चित्रात दिसणारी रवाळ खरखर अर्धी करायची, तर किरण चौपट लागतात. एका चित्रासाठी तासन् तास का जातात, ते यावरून लक्षात येईल.

पण एवढं गणितही एका साध्या चुकीपुढे हात टेकतं. पांढरी भिंत म्हणजे शुभ्र पांढरी, असं समजून रंगाचा आकडा अगदी वर नेऊन ठेवला जातो. चांगला पांढरा रंग पडलेल्या उजेडापैकी साधारण ८० टक्के परत करतो. मॉडेलमधली भिंत ९८ टक्के परत करत असेल, तर दहा उड्यांनंतर शंभरातला ८२ भाग उजेड शिल्लक राहतो. खऱ्या भिंतींत जेमतेम ११ उरला असता. खोटी खोली उजेड गिळतच नाही. कोपऱ्यातला काळोख नाहीसा होतो, सोफ्याखालची सावली पुसट होते आणि सगळं सामान हवेत तरंगल्यासारखं दिसतं. अशा वेळी दिवे वाढवण्यापेक्षा भिंत थोडी करडी करावी. खोली लगेच जमिनीवर येते.

आता मला सर्वांत जवळचा वाटणारा भाग, वापराच्या खुणांचा. पृष्ठभाग किती खडबडीत आहे, यावर त्यावरचं प्रतिबिंब स्पष्ट दिसणार की पसरट, हे ठरतं. हा खडबडीतपणा माणसाच्या हातांनी बदलतो, आणि गंमत म्हणजे दोन ठिकाणी उलट दिशांनी. काचेवर बोट टेकलं, की तेलाचे अतिसूक्ष्म थेंब मागे राहतात. ते उजेड विखुरतात आणि चकचकीत काच तेवढ्याच जागी धूसर होते. उलट, मॅट रंगाच्या भिंतीवर बटणाशेजारी रोज हात घासला, की रंगातले उंचवटे झिजतात आणि तिथे मंद चकाकी येते. मॉडेलमध्ये रंगाला हात न लावता नुसता खडबडीतपणाचा नकाशा, म्हणजे पृष्ठभाग कुठे किती खडबडीत हे सांगणारं चित्र, असा बदलून पाहा. समोरून काहीच फरक दिसणार नाही. तिरक्या कोनातून उजेड आला, की मात्र लक्षात येईल, इथे कुणाचा तरी हात रोज पोचतो.

या खुणा आपोआप उमटवण्याचा मोह फार असतो. संगणकशास्त्रज्ञ केन पर्लिन यांनी १९८०च्या दशकात शोधलेल्या पद्धतीने, जिला ‘नॉइज’ म्हणतात, संगमरवराच्या शिरा, गंज, डाग, ढग असं सगळं सूत्रांतून निर्माण होतं. त्यासाठी त्यांना १९९७ साली ऑस्करचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला. ही पद्धत मला मनापासून आवडते, पण दार कुठे आहे, हे त्या सूत्राला माहीत नसतं. ते सगळीकडे सारखाच मळ टाकतं, आणि सगळीकडे सारखं मळलेलं घर सगळीकडे स्वच्छ असलेल्या घराइतकंच खोटं वाटतं. खऱ्या घरातल्या प्रत्येक खुणेला कारण असतं. धूळ आडव्या पृष्ठभागांवर साचते, उभ्यांवर फारशी नाही. पंख्याच्या पात्याची जी कड हवा कापत जाते, तिच्यावर काळसर थर चढतो. पडद्याचा रंग खिडकीकडच्या बाजूने विटतो. लाकडी जमीन दारापासून खुर्चीपर्यंतच्या वाटेवर झिजते, खुर्चीमागच्या कोपऱ्यात तिचं पॉलिश नव्यासारखं असतं.

म्हणून मॉडेल रंगवायला घेण्याआधी मी खोलीतला एक दिवस मनात चालवून पाहतो. सकाळी पडदा कोण सरकवतो? वाचायला बसणारा माणूस उजवीकडे रेलतो की डावीकडे? तो रेलतो त्या बाजूची उशी दबलेली हवी, खुर्ची उठताना मागे सरकलेली आणि किंचित वळलेली हवी. पुस्तकांच्या रांगेतून एक काढलेलं असेल, तर शेजारचं पुस्तक त्या फटीत कललेलं असणार, आणि काढलेलं पुस्तक खोलीत कुठेतरी सापडायला हवं. आणि मेजावरचा दिवा! असंख्य सुंदर रेंडरमध्ये तो वायरीविनाच जळत असतो. त्याला वायर द्यावी, मेजामागून थोडी वेडीवाकडी खाली सोडावी, भिंतीतल्या सॉकेटपर्यंत न्यावी. आणि प्लग रोज काढणाऱ्याची बोटं जिथे टेकतात, तिथे भिंत जराशी मळवावी.