पणजीचे मराठी दैनिक

गोवा मुक्त झाल्यानंतर पणजीतून निघू लागलेले मराठी वृत्तपत्र व त्याच्या छपाई-वितरणाची पद्धत. त्याआधीही गोमंतकात मराठी नियतकालिके होती. १८७२ चे मराठी-पोर्तुगीज ‘देशसुधारणेच्छु’ आणि गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचे ‘भारत’ ही त्यांतली ठळक नावे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत मात्र मजकूर छापण्याआधी सेन्सॉरच्या हाताखालून जाई. ही अट सुटली आणि मुक्तीनंतर जेमतेम तीन महिन्यांत, २४ मार्च १९६२ रोजी, ‘गोमन्तक’ सुरू झाला. मालकी तेव्हा चौगुले उद्योगसमूहाची, पहिले संपादक बा. द. सातोसकर. १५ ऑगस्ट १९७० रोजी धेंपो समूहाचे ‘नवप्रभा’ आले. दोन्ही घराणी खाणव्यवसायातली, त्यामुळे खाणींविषयीच्या बातम्या वाचताना चाणाक्ष वाचक मालकाचे नाव ध्यानात ठेवी.

पत्राचे वेळापत्रक ठरवले ते नद्यांनी. मांडवी ओलांडल्याखेरीज म्हापसा-पेडणे नाही, जुवारी ओलांडल्याखेरीज मडगाव-काणकोण नाही. पूल होण्यापूर्वी गठ्ठे बेतीच्या आणि आगशी-कुठ्ठाळीच्या फेरीबोटीने जात. पहाटेची फेरी चुकली की गठ्ठा धक्क्यावरच अडके आणि पुढची बसही हुके. म्हणून लांबच्या तालुक्यांचे अंक आधी छापायचे, पणजीचे शेवटी. मध्यरात्री आलेली बातमी राजधानीत त्याच दिवशी वाचायला मिळे, काणकोणात दुसऱ्या दिवशी. जुवारीवरचा पूल १९८३ मध्ये खुला झाला. मांडवीवरचा पूल आधीच होता, पण ५ जुलै १९८६ रोजी तो ऐन पावसाळ्यात कोसळला आणि उत्तरेकडची वाहतूक पुन्हा फेरीवर आली.

मडगावने १९६३ पासून स्वतःचे ‘राष्ट्रमत’ चालवले, त्यामागे नदीपेक्षा राजकारण अधिक होते. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, या प्रश्नावर ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने, तर ‘राष्ट्रमत’ विरोधात. उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर ‘राष्ट्रमत’मध्येच येई. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात फूल ही विलीनीकरणाची आणि दोन पाने ही संघप्रदेशाची (केंद्रशासित प्रदेशाची) निशाणी होती. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. विलीनीकरणाविरुद्धचा प्रचार मराठीतूनही तितक्याच जोमाने झाला, हे गोव्याबाहेरच्या वाचकाला अजून चमत्कारिक वाटते.

छपाई सुरुवातीला खिळ्यांवर, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांवर, होती. रोमन लिपीचे काम थोडक्या खणांत भागते, देवनागरीला मात्रा, जोडाक्षरे, रफार धरून काही शे खिळे लागतात. खिळे जुळवणारा जुळारी अनेक केसेस (खणांच्या पेट्या) समोर मांडून उभ्यानेच काम करी. स्टिकमध्ये (हातात धरायच्या पट्टीत) ओळ, गॅलीत (लांबट तबकात) रकाना, मग कच्चे प्रूफ, दुरुस्ती, शेवटी पान चौकटीत आवळणे, असा क्रम. वरची चिन्हे सुटी असलेल्या टाइपात खिळ्याबाहेर डोकावणारा अनुस्वार दाबाखाली तुटे. प्रूफात नीट दिसलेली ‘खंत’ अंकात ‘खत’ होई, आणि दोष मुद्रितशोधकाच्या माथी येई. झिजलेल्या खिळ्यांत शिरोरेघेला फटी पडत. पान छापून झाले की खिळे धुऊन परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. हे काम कंटाळवाणे खरे, पण एक खिळा चुकीच्या खणात पडला तर उद्याच्या मजकुरात नेमके तेच अक्षर चुकणार.

ऑफसेट (खिळ्यांऐवजी पाणी व शाई लावलेल्या प्लेटवरून होणारी छपाई) आल्यावर ही कटकट गेली आणि ओलाव्याची सुरू झाली. वृत्तपत्रीय कागद चौरस मीटरला साधारण ४५ ग्रॅमचा असतो. गोव्याच्या पावसाळ्यात उघड्या रिळाच्या कडा दमट हवा शोषून लाटांसारख्या होतात, कागद यंत्रात वळ्या घेतो आणि फाटतो. एकदा फाटला की तो पुन्हा रुळांतून ओवेपर्यंत छपाई बंद, आणि हा वेळ थेट गाडीच्या वेळेतून जातो. त्यामुळे रीळ लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवायचे आणि वेष्टन यंत्रावर चढवतानाच काढायचे. प्लेटवर पाणी जास्त सोडले तर शाई फिकट उतरते, कमी पडले तर कोऱ्या जागीही शाई धरते आणि बारीक अक्षरांची पोटे बुजतात. निधनवार्ता बारीक टाइपात असतात, म्हणून तक्रारीही तिथल्याच जास्त.

बातम्या तालुक्याचे अर्धवेळ वार्ताहर पाठवत: जत्रा, पंचायतीची सभा, फुटबॉलचे सामने, पुराचे पाणी. घाईची बातमी फोनवरून सांगायची, बाकीचा मजकूर पाकिटात घालून पणजीच्या बसवाल्याकडे द्यायचा. बस उशिरा आली की त्या गावची बातमी दुसऱ्या दिवसावर जाई.