टेक्निकल डायव्हिंगचा रेग्युलेटर : मार्न नदीपासून फ्लोरिडाच्या गुहांपर्यंत

टेक्निकल डायव्हिंगकडे वळणारा माणूस रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा श्वासाजोग्या दाबाला आणून देणारं यंत्र, घ्यायला गेला की बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच विचारतो : यातला श्वासाला सगळ्यात हलका कोणता? प्रश्न चुकीचा नाही, पण जुना आहे. चांगल्या प्रतीच्या आजच्या रेग्युलेटरांमध्ये हलकेपणाचा फरक थोडाच उरला आहे. खरा फरक पडतो तो बिघाडाच्या वेळी. हा रेग्युलेटर बिघडला तर कसा बिघडेल, तेव्हा मला काय करता येईल आणि माझ्या जोडीदाराला तो वापरता येईल का? हे प्रश्न कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकातून आले नाहीत. पाण्याखाली माणसं गेली, त्यांतून ते आले. म्हणून निवडीकडे वळण्याआधी हा इतिहास माहीत असायला हवा.

टेक्निकल डायव्हिंग म्हणजे अशी डुबकी, जिच्यात अडचण आली तरी सरळ वर येता येत नाही. डोक्यावर गुहेचं छत असतं किंवा जहाजाच्या सांगाड्याचं पोलाद असतं. तेही नसलं तर डीकॉम्प्रेशनचे, म्हणजे वर येताना ठरावीक खोलीवर घ्यायचे थांबे असतात आणि ते टाळले तर शरीरात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होतात. हा शब्द रूढ केला अमेरिकेतल्या मायकेल मेंडुनो यांनी, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, आपल्या ‘ॲक्वाकोर’ मासिकातून. प्रकार मात्र शब्दापेक्षा पुष्कळ जुना आहे.

श्वास घेतला की झडप उघडावी आणि थांबला की मिटावी, ही मूळ कल्पना समुद्रातली नाही, खाणीतली आहे. फ्रान्सच्या आव्हेरों भागातले खाण अभियंता बेन्वा रुकेरोल यांनी १८६०मध्ये विषारी वायू भरलेल्या बोगद्यांत बचावासाठी असं यंत्र केलं. नौदल अधिकारी ओग्युस्त दनेरूझ यांच्यासोबत १८६४मध्ये ते पाण्याखाली नेलं. त्यातला लवचीक पडदा आजच्या प्रत्येक रेग्युलेटरमध्ये आहे. एका बाजूला पाण्याचा दाब, दुसऱ्या बाजूला पाणबुड्याचा श्वास. श्वास ओढला की पडदा आत दबतो आणि झडप उघडतो. कल्पना पूर्ण होती, पण प्रचंड दाबाची हवा साठवून धरतील अशा टाक्या तेव्हा नव्हत्या.

पुढचा मोठा टप्पा युद्धकाळातल्या पॅरिसचा. पेट्रोल जर्मनांच्या ताब्यात गेलं होतं, गाड्या लाकडाच्या वायूवर चालवाव्या लागत होत्या. एअर लिक्विड कंपनीतले अभियंता एमिल गान्याँ यांनी त्यासाठी वायूचा पुरवठा मागणीनुसार आपोआप कमीजास्त करणारी झडप तयार केली होती. नौदलातले जाक-ईव्ह कुस्तो यांचे सासरे याच कंपनीत वरच्या पदावर होते, त्या ओळखीतून डिसेंबर १९४२मध्ये दोघांची भेट झाली. काही आठवड्यांतच, जानेवारी १९४३मध्ये, पॅरिसजवळच्या मार्न नदीच्या थंडगार पाण्यात पहिली चाचणी झाली.

ती फसली, आणि कशी फसली हे मला या साऱ्या इतिहासातलं सगळ्यात शिकवणारं पान वाटतं. कुस्तो आडवे असताना यंत्र नीट चाले. उभे राहिले की हवा आपोआप वाहून वाया जाई. डोकं खाली केलं की श्वास ओढणं जड जाई. कारण सापडलं ते काही सेंटिमीटरांत. हवा आत घेणारा पडदा एका उंचीवर होता आणि उच्छ्वास बाहेर पडण्याची जागा दुसऱ्या उंचीवर. पाण्यात उंची बदलली की दाब बदलतो, आणि तेवढा फरक झडप उघडी ठेवायला पुरत होता. उच्छ्वासाची वाट पडद्याशेजारी आणल्यावर प्रश्न सुटला. त्याच वर्षी उन्हाळ्यात भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर यंत्र यशस्वी झालं. आज सेकंड स्टेज, म्हणजे रेग्युलेटरचा तोंडाशी असणारा भाग, हातात धरून पाहा : पडदा आणि उच्छ्वासाची झडप एकमेकांना खेटून असतात.

यंत्र साधलं तशी खोलीची ओढ लागली. १९४७मध्ये कुस्तोंच्या गटातले मोरिस फार्ग साधी हवा घेऊन तूलोंजवळ १२० मीटरच्या आसपास गेले आणि बेशुद्ध झाले. वर ओढून काढलं तेव्हा माउथपीस तोंडातून निसटलेला होता. रेग्युलेटर बिघडला नव्हता. तेवढ्या दाबात नायट्रोजन माणसाची शुद्ध हिरावतो, हे त्या काळी पुरतं उमगलेलं नव्हतं. ऑक्सिजनही तिथे विषारी पातळीच्या पुढे गेलेला असतो. खोल जायचं तर हवाच बदलावी लागते, म्हणजे हीलियम मिसळावा लागतो, हे शौकिया डायव्हिंगच्या जगात अंगवळणी पडायला पुढची चाळीसएक वर्षं गेली.

सुरुवातीचे रेग्युलेटर दोन जाड नळ्यांचे होते आणि सगळं यंत्र पाठीवर मानेमागे असे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मेलबर्नच्या टेड एल्ड्रेड यांनी ‘पॉरपॉइज’ नावाने यंत्राचे दोन भाग करून विकायला आणले : दाब पहिल्यांदा उतरवणारा भाग टाकीवर, श्वास देणारा तोंडाशी आणि मध्ये एकच बारीक नळी. आपण आज फर्स्ट स्टेज आणि सेकंड स्टेज म्हणतो ते हेच. फर्स्ट स्टेज दोनशेहून जास्त बारचा दाब उतरवून भोवतालच्या पाण्यापेक्षा साधारण नऊ-दहा बार वर आणतो, उरलेलं काम सेकंड स्टेज करतो. टेक्निकल डायव्हिंगच्या दृष्टीने या विभागणीने एक वेगळंच दार उघडलं. फर्स्ट स्टेजला आणखी तोंडं पाडता येऊ लागली : दाबमापकासाठी, अंग कोरडं ठेवणाऱ्या ड्रायसूटसाठी आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या माणसाच्या सेकंड स्टेजसाठी.

फर्स्ट स्टेजमध्ये दोन घराणी पडली, पिस्टनचं (सरकत्या दट्ट्याचं) आणि डायफ्रॅमचं (लवचीक पडद्याचं). पिस्टनमध्ये हलणारे भाग कमी आणि हवेचा प्रवाह जोरकस. पण बहुतेक पिस्टन रचनांत स्प्रिंगच्या कप्प्यात पाणी शिरतं. दाब एकदम उतरला की वायू थंड होतो, आणि चार अंशांच्या तळ्यात तेच पाणी गोठून यंत्र उघडंच अडकतं. हवा धो-धो वाहू लागते. डायफ्रॅम रचनेत पाणी पडद्याबाहेर राहतं आणि वरून आणखी एक पडदा लावून कप्पा पूर्ण बंद करता येतो. स्वीडनच्या ‘पोसायडन’ने १९५८मध्ये आणलेला सायक्लॉन आणि इंग्लंडच्या ब्लॅकबर्नमधल्या ‘एपेक्स’चे पुढचे रेग्युलेटर थंड पाण्यात नावाजले गेले, हे त्यांच्या देशांचं हवामान पाहता नवल नाही. तारकर्लीला पहिला श्वास घेतलेल्या कोकणातल्या माणसाला ही चिंता घरी नसते. तो मेक्सिकोच्या सेनोतेंमध्ये, म्हणजे तिथल्या पाणी भरलेल्या विवरांत, गेला तरी पाणी पंचवीस अंशांच्या आसपास असतं. पण युरोपातल्या पाणी भरलेल्या खाणींत उतरायचं असेल, तर बंद कप्प्याशिवाय पर्याय नाही, असं मी ठामपणे म्हणेन. उबदार पाण्यातही गुहेतला गाळ आत शिरू नये म्हणून बंद रचनेचा उपयोग आहेच.

हलकेपणाचं मोजमाप मात्र नीट बसवलं गेलं, हे मान्य करायला हवं. पन्नास मीटरवर हवा पृष्ठभागापेक्षा सहापट दाट असते. तिथे मिनिटाला ६२.५ लिटर श्वसन धरून, एका लिटरमागे श्वासाचं काम ३ ज्यूलपेक्षा जास्त नको, ही ‘ईएन २५०’ या युरोपीय मानकाची अट. मानक पहिल्यांदा १९९३मध्ये आलं आणि नंतर सुधारत गेलं. बॅलन्स्ड, म्हणजे टाकीतला दाब घसरला तरी वागणं न बदलणारा फर्स्ट स्टेज तळाशी श्वासाला लागणाऱ्या वायूसाठी का घ्यायचा, तेही इथून कळतं : टाकी रिकामी होत आलेली असते नेमकं तेव्हाच दोघांना एका टाकीवर श्वास घ्यायची पाळी येऊ शकते.

पण निवडीचं खरं व्याकरण रचलं गेलं ते फ्लोरिडाच्या झऱ्यांखालच्या गुहांत आणि बहामातल्या अँड्रॉस बेटाच्या निळ्या विवरांत. १९६० आणि ७०च्या दशकांत तिथे माणसं वारंवार मरत होती. तेव्हा दोन टाक्या जोडल्या तरी तोंड एकच आणि त्यावर रेग्युलेटरही एकच असे. तो गेला की दोन्ही टाक्यांतली हवा असून नसल्यासारखी. अँड्रॉसची विवरं धुंडाळणारे कॅनडाचे जॉर्ज बेंजामिन यांच्या नावाने ओळखला जाणारा जोड त्यावरचा तोडगा ठरला : दोन टाक्या, दोन स्वतंत्र तोंडं, दोन रेग्युलेटर. एक वाहू लागला तर त्याची झडप बंद करायची आणि दुसऱ्यावर श्वास घ्यायचा. दोन्ही टाक्यांची हवा तरीही हाताशी. मध्ये बंद करता येणारी झडप नंतर आली, म्हणजे जोडच गळला तरी निदान अर्धी हवा वाचते.

शेक एक्सली हे त्या काळातलं सगळ्यात मोठं नाव. अपघात एकेक तपासून त्यांनी गुहेत उतरण्याचे नियम १९७९मध्ये पुस्तकरूपाने मांडले. एक तृतीयांश हवा आत जायला, एक तृतीयांश परतायला आणि एक तृतीयांश राखून, हा नियम आज जगभर शिकवला जातो. लांब नळीचा सेकंड स्टेज रुजवण्यातही त्यांचा वाटा मोठा. गुहेत वाट इतकी चिंचोळी होते की दोघं शेजारी शेजारी मावत नाहीत, एकामागे एक जावं लागतं. नेहमीची पाऊण मीटरची नळी तिथे कुचकामी. आज रूढ असलेली नळी सुमारे २.१ मीटरची आहे.

पुढे बिल ‘होगार्थ’ मेन यांनी अनावश्यक ते सारं काढून टाकत जी मांडणी केली, तिला त्यांच्याच मधल्या नावावरून ‘होगार्थियन’ म्हणतात. फ्लोरिडातल्या वकुला परिसरातल्या लांब गुहा शोधणाऱ्या गटांनी १९९०च्या दशकात ती सर्वत्र पोचवली. लांब नळीचा सेकंड स्टेज स्वतःच्या तोंडात, आखूड नळीचा रबराच्या दोरीने गळ्यात, हनुवटीखाली. जोडीदाराची हवा संपली तर तोंडातलाच काढून द्यायचा. घाबरलेला माणूस तसाही तुमच्या तोंडातलाच ओढतो. शिवाय तो चालू आहे आणि त्यातला वायू या खोलीवर श्वास घेण्याजोगा आहे, याची खात्री दुसऱ्या कशाबद्दलही देता येत नाही.

या मांडणीमुळे रेग्युलेटर निवडताना फर्स्ट स्टेजला छिद्रं किती आणि कुठल्या कोनात, हा प्रश्न महत्त्वाचा झाला. नळ्या खाली वळून अंगाला चिकटून जायला हव्यात. टाक्या काखेखाली अडकवणाऱ्या साइडमाउंटवाल्यांना टोकाला पाचवं छिद्र लागतं. ही पद्धत इंग्लंडच्या अरुंद, पाणी भरलेल्या बोगद्यांतून आली. जोडणीचंही तसंच. सुट्टीत डुबकी मारणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा योक येतो, टाकीच्या तोंडावर शिकंज्यासारखा आवळलेला. त्यात ओ-रिंग, म्हणजे हवा गळू न देणारी रबरी कडी, दोन सपाट तोंडांमध्ये फक्त दाबलेली असते. गुहेच्या छतावर आपटून ती निसटली तर सगळी हवा जाते. डिन जोडणी आट्यांवर आत फिरते, ओ-रिंग खोबणीत बंद राहते आणि ती ३०० बारपर्यंत चालते. मी याबाबत दुसरं मत ऐकायला तयार नाही : टेक्निकलसाठी डिनच.

ऑक्सिजनचा धडा वेगळा. डीकॉम्प्रेशनच्या शेवटच्या थांब्यावर, सहा मीटरवर, शुद्ध ऑक्सिजन घेतात. टाकीची झडप झटक्यात उघडली की आत दाबला गेलेला वायू तापतो. आत साधं ग्रीस किंवा तेलाचा अंश असेल तर आग लागते. म्हणून ऑक्सिजनसाठी खास साफ केलेला, योग्य ग्रीस आणि योग्य ओ-रिंग असलेला रेग्युलेटर लागतो आणि झडप हळूच उघडायची सवय लागते. टायटॅनियम वजनाला हलकं आणि न गंजणारं, पण ऑक्सिजनमध्ये पेट घेणारं, त्यामुळे इथे वर्ज्य. या कामाला साधा, कमी भागांचा, अनबॅलन्स्ड पिस्टनही पुष्कळ जण वापरतात. खोली कमी, वायू पातळ, दुरुस्ती सोपी. तिथे महागडा रेग्युलेटर घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

सगळ्यात आधी झिजतो तो फर्स्ट स्टेजमधला एक लहानसा तुकडा, जास्त दाबाच्या झडपेची सीट. तिच्यावर बारीक चरा पडला की दाब थेंबाथेंबाने पुढे झिरपतो. नेहमीच्या रचनेत सेकंड स्टेजची झडप वाढत्या दाबाने उघडते, म्हणून बिघडलेला रेग्युलेटर श्वास अडवत नाही, उलट वाहू लागतो. पाठीमागे हात नेऊन टाकीची झडप बंद करायला तेवढी सवड मिळते. हा बिघाड घरीच, पाण्यात जाण्याआधी दिसू शकतो. बॉयन्सी जॅकेटच्या (तरंगणं सांभाळणाऱ्या, हवा भरायच्या जॅकेटच्या) नळीला छोटा दाबमापक लावायचा, टाकी उघडायची, दोन-चार श्वास घ्यायचे आणि काट्याकडे पाहत राहायचं. निरोगी रेग्युलेटरचा काटा कंपनीने दिलेल्या आकड्यावर, बहुतेकदा साडेनऊ बारच्या आसपास, चटकन थांबतो. सीट गेली असेल तर तो थांबत नाही, हळूहळू वर सरकत राहतो. मग तो संच त्या दिवशी पाण्यात न्यायचा नाही. त्याचे सुटे भाग आणि ते बसवणारा जाणकार आपल्या गावापासून किती दूर आहेत, हे मात्र विकत घेतानाच पाहून ठेवलेलं असावं लागतं.