कैद्याचा छळ आणि त्यामागच्या जुन्या सबबी

नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर मुंबईच्या लोकलमध्ये जिवंत पकडलेल्या कसाबबद्दल एकच बोलणे कित्येक महिने ऐकू यायचे: 'त्याला वकील कशाला? आमच्या ताब्यात द्या.' बोलणाऱ्यांचा राग खरा होता. शहराने १६६ माणसे गमावली होती. पण त्यापाठोपाठ येणारे 'युद्धात सगळे चालते' हे त्या रागातून निघालेले नव्हते. ती फार जुनी सबब आहे.

खरे तर कैद्याचा छळ म्हणजे काय, हे मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरला पकडल्यापासून मार्चमधल्या वधापर्यंत संभाजी महाराजांनी काय सोसले, ते घराघरांत ठाऊक आहे. 'त्या काळी असेच चालायचे' म्हणून औरंगजेबाला सोडून देणारा मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही. तिथे काळाची सबब आपण ऐकून घेत नाही, आणि ते बरोबरच आहे.

कैद्याच्या छळावरची बंदी लष्करी नियमात स्पष्ट शब्दांत आली ती १८६३ साली, अमेरिकेच्या यादवी युद्धात. लष्करी गरजेच्या नावाखाली कबुलीसाठी छळ करता येणार नाही, असे लीबर संहितेने, म्हणजे अमेरिकी सैन्याच्या युद्धनियमांनी, सैन्याला बजावले. ती संहिता लागू असतानाच, नोव्हेंबर १९०० मध्ये, त्याच सैन्याने फिलिपीन्समधल्या ईगबारास गावच्या प्रमुखाला उताणे पाडून त्याच्या तोंडात पाणी ओतले. पोट फुगले की दाबून ते बाहेर काढायचे आणि पुन्हा ओतायचे. हा छळ करवणाऱ्या कॅप्टन ग्लेनवर १९०२ मध्ये खटला झाला. बचाव एकच: गरज. दोषी ठरूनही शिक्षा झाली ती एक महिन्याचे निलंबन आणि ५० डॉलर दंड. दुसऱ्या महायुद्धानंतर टोकियोच्या न्यायाधिकरणाने जपानी सैन्याच्या छळाच्या प्रकारांत हाच पाण्याचा प्रकार नोंदवला. ऑगस्ट २००२ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने त्याच्याच भाईबंदाला, वॉटरबोर्डिंगला, 'छळ नव्हे' असा दाखला दिला. मार्च २००३ मध्ये एकाच कैद्यावर तो १८३ वेळा वापरला गेला.

मधल्या काळात 'ते वेगळे, आम्ही वेगळे' या दुसऱ्या सबबीला, म्हणजे सापेक्षतावादाला, विद्वत्तेचे बळ मिळाले. प्रत्येक संस्कृतीची मूल्ये वेगळी, मग सगळ्यांसाठी मानवी हक्कांचा एकच जाहीरनामा कसा, असा आक्षेप अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने १९४७ मध्ये घेतला. हेतू वसाहतींतल्या लोकांची पाठराखण करण्याचा होता, हे विसरता कामा नये. पण स्वतः वसाहतीतून बाहेर पडणाऱ्या भारताने दुसरी बाजू घेतली. मुंबई विधिमंडळात काम केलेल्या हंसा मेहता यांनी संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या त्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' या अर्थाच्या शब्दांऐवजी 'सर्व मानव' असे शब्द आणवले. त्याच जाहीरनाम्याचे पाचवे कलम कुणाचाही छळ करण्यास मनाई करते. पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, जिनिव्हा करारांनी युद्धकैद्यांना तेच संरक्षण दिले.

'ते वेगळे, आम्ही वेगळे' याला मला पटलेले उत्तर अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धात, फ्रेंचांच्या ताब्यातल्या अल्जीयर्समधल्या एका अधिकाऱ्याने दिले. पोलिसांचे सरचिटणीस पॉल तेतजन यांना नाझी गेस्टापोने नान्सी शहरातल्या तळघरात छळले होते. मार्च १९५७ मध्ये त्यांनी फ्रेंच सरकारला राजीनाम्याचे पत्र लिहिले: चौदा वर्षांपूर्वी मी जे सोसले, त्याचेच खोल वळ मला आपल्या कैद्यांच्या अंगावर दिसले.

लोकलमधल्या त्या मागणीप्रमाणे मुंबईत काही झाले नाही. आर्थर रोडच्या तुरुंगातच न्यायालय बसले, आरोपीला वकील मिळाला. पोलिसांपुढची कबुली पुरावा ठरत नाही, हा तेव्हा लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्यातला नियम. त्यामुळे कबुलीजबाब दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवला गेला, आणि तो स्वेच्छेने दिला होता का, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बारकाईने तपासले. मगच फाशी कायम झाली.

युद्ध असो वा आणीबाणी, कोणतीही परिस्थिती छळाचे समर्थन ठरत नाही, असे १९८४ चा संयुक्त राष्ट्रांचा करार सांगतो. भारताने त्यावर १९९७ मध्ये सही केली. त्यासाठीचे विधेयक २०१० मध्ये लोकसभेने मंजूरही केले, पण त्याचा कायदा झाला नाही.