सोडा-गोंदाने ड्रमची गळती थांबते का?

“गळक्या प्लास्टिकच्या ड्रमवर झटपट चिकटणारा गोंद लावा, वर खाण्याचा सोडा भुरभुरा, आयुष्यभर गळणार नाही.” हा फॉरवर्ड बहुतेकांनी वाचला असेल. तो खरा वाटतो, कारण सोडा पडताच गोंद दगडासारखा कडक होतो आणि गळती त्या दिवशी खरंच थांबते.

अडचण ड्रमच्या प्लास्टिकची आहे. पावसाचं पाणी साठवायला बागेत ठेवतो ते निळे ड्रम बहुतेक पॉलिइथिलीनचे असतात आणि त्यावर गोंद नीट धरतच नाही. त्यात सोलापूरचा उन्हाळा! चाळिशीपार उन्हात ड्रम फुगतो, रात्री आकसतो, पाणी भरलं की पोट सुटतं. कडक थर तेवढा वाकत नाही, मग कडेने सुटतो.

खात्री घरीच होते. ड्रमच्या तळाशी त्रिकोणात 2 हा आकडा (म्हणजे पॉलिइथिलीन) दिसतो का पाहा. नसेल तर काठाचा छोटा तुकडा कापून साबणाच्या पाण्यात बुडवा आणि हात काढून घ्या. पॉलिइथिलीन वर येतं, पीव्हीसी बुडतं. त्याच तुकड्यावर सोडा-गोंदाचा प्रयोग करा आणि दुसऱ्या दिवशी वाकवा.

मग करायचं काय? गळती नळाशी असेल तर बहुधा वायसरच बदलावा लागतो. बारीक भोकाला दोन्ही बाजूंनी रबरी वायसर लावून नट-बोल्ट आवळा. चीर असेल तर तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी, चिरेच्या कडाही वितळवत, गरम सोल्डरिंग आयर्नने भरा. हे उघड्यावरच करा, धूर वाईट असतो.