पार्श्वभूमी : एक्सक्लुझिव्ह गेम पहिल्या आठवड्यात कशावर खपतो?

मोठा एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एकाच कंपनीच्या कन्सोलवर (गेम खेळायच्या यंत्रावर) मिळणारा गेम आला की तीन-चार दिवसांत कंपनी विक्रीचा आकडा जाहीर करते आणि त्यावरून गेम गाजला की पडला हे ठरूनही जातं. त्या आकड्यात गेमच्या दर्जाचा वाटा आपण समजतो त्याहून कमी असतो. कन्सोल किती घरांत पोहोचला आहे आणि त्या घरांतले किती जण या गेमची वाट पाहत थांबले होते, यावर बरंचसं ठरतं.

सुरुवातीला काही गेम कन्सोलच्या खोक्यातूनच घरी यायचे. १९८९ मध्ये अमेरिकेत निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातातल्या कन्सोलसोबत टेट्रिस मिळत होता. वाट पाहण्याची ताकद नीट दिसली ती ९ नोव्हेंबर २००४ ला. एक्सबॉक्स या मायक्रोसॉफ्टच्या कन्सोलवरच्या हेलो २ च्या अमेरिका आणि कॅनडात एका दिवसात २४ लाख प्रती गेल्या, साडेबारा कोटी डॉलरच्या. पंधरा लाख प्रती त्याआधीच प्री-ऑर्डर झाल्या होत्या.

कन्सोलच्या संख्येचा हिशेब मारिओ कार्ट ८ इतका स्वच्छ दुसरीकडे सापडत नाही. २०१४ मध्ये तो निन्टेन्डोच्या वी यू या कन्सोलवर आला. तो कन्सोल एकूण खपलाच १ कोटी ३६ लाखांच्या आसपास, त्यामुळे गेम ८५ लाखांच्या पुढे सरकला नाही. २०१७ मध्ये थोडी भर घालून तोच गेम निन्टेन्डोच्या नव्या कन्सोलवर, स्विचवर आणला आणि पुढच्या काही वर्षांत त्याने सहा कोटींचा टप्पा ओलांडला. ट्रॅक तेच, गाड्याही बहुतेक त्याच.

उलट उदाहरणही त्याच वर्षातलं. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेत स्विच विकले गेले ९ लाख ६ हजार, आणि त्यावरच्या झेल्डा या गेमच्या प्रती ९ लाख २५ हजार! म्हणजे कन्सोलपेक्षा गेम जास्त. काहींनी विशेष आवृत्ती सीलबंद ठेवायला घेतली आणि खेळायला साधी प्रत वेगळी, असं स्पष्टीकरण कंपनीने दिलं. इथे लोकांनी गेमसाठी कन्सोल घेतला होता.

आता मूळ गुंता, 'एक्सक्लुझिव्ह' हा शब्द. ऑगस्ट २०१४ मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरातल्या गेम प्रदर्शनात मंचावरून घोषणा झाली की राइज ऑफ द टूम रेडर २०१५ च्या अखेरीस फक्त एक्सबॉक्सवर येईल. आधीचा भाग मार्च २०१३ मध्ये एक्सबॉक्स आणि सोनीचा प्लेस्टेशन या दोन्ही कन्सोलवर आणि पीसीवर आला होता आणि महिनाभरात ३४ लाख प्रती खपल्या होत्या. प्लेस्टेशनवर ही मालिका खेळत मोठी झालेली पिढी भडकली. मग खुलासा आला की कराराला मुदत आहे. मुदत किती, हे मात्र सांगितलं नाही. माझ्या मते चूक इथेच झाली. कायमचा एक्सक्लुझिव्ह असेल तर माणूस त्यासाठी कन्सोल घेतो, वर्षभराचा असेल तर थांबतो. कोणता ते लपवलं, तर जो विश्वासाने पैसे मोजतो त्याचंच नुकसान होतं.

त्यात तारीख पडली १० नोव्हेंबर २०१५, नेमका फॉलआउट ४ या दुसऱ्या मोठ्या गेमचाच दिवस. गेम उत्तम होता. तरी वर्षअखेरपर्यंत दहा लाखांहून जास्त इतकंच मोघम सांगितलं गेलं. पीएस४ (प्लेस्टेशन ४) ची विक्री तेव्हा साडेतीन कोटींच्या पुढे होती आणि एक्सबॉक्सच्या बाजूने कन्सोलविक्रीचे आकडे देणंच थांबलं होतं. जानेवारी २०१६ मध्ये गेम पीसीवर आला आणि ऑक्टोबरमध्ये पीएस४ वर, जादा मजकुरासह.

हा धडा घेतल्यासारखं २०२० मध्ये फायनल फँटसी ७ रिमेकच्या कव्हरवरच तो फक्त पीएस४ वर असण्याची मुदत १० एप्रिल २०२१ पर्यंत असल्याचं छापलं गेलं. तरीही तीन दिवसांत ३५ लाख प्रती गेल्या. मुदत उघड सांगितल्याने गेम पडतो, ही भीती मग कुठे उरते?

भारतात या पहिल्या आठवड्याला फारसा अर्थ नसतो. डिमन्स सोल्स हा गेम पीएस५ सोबत नोव्हेंबर २०२० मध्ये आला, तर इथे कन्सोलच २ फेब्रुवारी २०२१ ला मिळू लागला आणि प्री-ऑर्डर काही मिनिटांत संपल्या. तेव्हा कन्सोल ४९,९९० रुपयांचा होता, गेम ४,९९९ चा. दहा गेम म्हणजे आणखी एक कन्सोल, असा हिशेब असताना पहिल्या दिवशी गेम घेणार कोण?

गेल्या काही वर्षांत गेम बनवण्याचा खर्च इतका वाढला की एका कन्सोलच्या घरांतून तो निघेनासा झाला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये हेलडायव्हर्स २ पीएस५ आणि पीसीवर एकाच दिवशी आला आणि १२ आठवड्यांत त्याच्या १ कोटी २० लाख प्रती खपल्या. त्याच वर्षी मे महिन्यात फायनल फँटसीच्या प्रकाशकाने यापुढे सगळ्या कन्सोलसाठी गेम काढण्याचं धोरण जाहीर केलं. २०२१ मध्ये एक्सबॉक्स आणि पीसीवर आलेला फोर्झा होरायझन ५ एप्रिल २०२५ मध्ये प्लेस्टेशनवर पोहोचला.