द्राक्षवेलीच्या आत ऊन मोजायची भानगड कुठून सुरू झाली

न्यूयॉर्क राज्यात जिनिव्हा म्हणून गाव आहे, तिथं कॉर्नेल युनिव्हर्सिटीचं संशोधन केंद्र आणि तिथं नेल्सन शॉलिस कॉनकॉर्ड द्राक्षावर काम करायचे. त्यांना दिसलं की जोमदार वेलीत आत सावली साठते आणि सावलीतल्या डोळ्यात (काडीवरच्या कोंबात) पुढच्या वर्षीचा घड नीट धरतच नाही, म्हणून १९६० च्या दशकात त्यांनी एका ओळीच्या पाल्याचे दोन पडदे केले, तेच जिनिव्हा डबल कर्टन. आपल्याकडं खरड छाटणीनंतर (द्राक्ष काढून झाल्यावरची उन्हाळ्यातली छाटणी) काड्या विरळ करा, बगलफुटी म्हणजे पानाच्या बगलेतून येणाऱ्या बाजूच्या फुटी काढा म्हणून जो घोशा लागतो त्यामागं कारण हेच.

पण सावली किती हे सांगायचं कसं? लाइट मीटर होतेच, पण वेलीच्या आत ते फार छळतात, वारा आला पान हललं की आकडा बदलला, ढग आला परत बदलला, दुपारचं आणि चारचं रीडिंग तर जुळायलाच नको. शिवाय एकच पान कामाचा, म्हणजे अन्न तयार करायला लागणारा प्रकाश जवळपास सगळा खातं, पलीकडं जातो जेमतेम ५-६ टक्के. मग ऊन कशाला मोजता, पानंच मोजा ना!

शॉलिस यांचेच विद्यार्थी रिचर्ड स्मार्ट यांनी १९८० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये हेच लावून धरलं. पद्धत मूळची कुरणातली, लेव्ही आणि मॅडन यांनी तिथंच १९३३ मध्ये गवतासाठी मांडलेली. बारीक सळई घ्यायची, घडांच्या उंचीवर ठरावीक अंतरानं वेलीत आरपार घालायची, टोकाला काय लागतं ते एकानं ओरडायचं दुसऱ्यानं लिहायचं, पान, पान, घड, काहीच नाही तर मोकळं. असं ५० ते १०० वेळा, आणि सोयीची जागा बघून सळई घातली तर सगळं फुकट. लागलेली एकूण पानं भागिले सळई किती वेळा घातली ते, म्हणजे पानांचे थर, सरासरी १ ते १.५ आले तर उत्तम. मला तरी सगळ्या यंत्रांपेक्षा ही सळईच भारी वाटते.

२००८ मध्ये कॉर्नेलच्याच मायर्स आणि वँडन ह्यूवेल यांनी सळईच्या नोंदींना प्रकाश मोजणाऱ्या सेन्सरच्या दांडीची रीडिंगं जोडली म्हणजे मीटर परत आलाच, आणि पुढं अ‍ॅडलेड युनिव्हर्सिटीनं खालून फोटो काढून पाला मोजणारं मोबाइल अ‍ॅप काढलं.

हे आकडे मात्र उभ्या तारेवरच्या वाइन द्राक्षाचे आहेत हां. आपला मांडव आडवा, सळई खालून वर घालावी लागेल, आणि खायच्या द्राक्षाला जास्त ऊन चालतच नाही, नाशिककडं घडांना पेपर गुंडाळतात ते उगाच नाही.